भिडू शब्द कुठला

ता. ४ मार्च ५७, सोम.
खैरूनबी दळायला आली न्हाय. लग्न होऊन मुरुमला आले तवापासून जातं माझं न् खुंट्यावर समोरचा हात तिचा.
काल भावजींनी घाण केली. नणंद शांताला बघायला आलेले पावणे मुक्कामी होते. पहाटं खैरूननं बोळातनं हाक मारली, "ए भिडू, ऊठ की!" रोजचीच हाक. भावजी शाळेत मास्तर ना. दारात जाऊन म्हणले, "वहिनींना असं हाकारू नका. टग्यांचा शब्द हाय." ती तशीच टोपली घेऊन माघारी.
पावणे पोहे खाऊन गेले. होकार न्हाय, नकार न्हाय.

ता. ७, गुरु.
पारावर बाप्यांचा बाजार. भावजी म्हणतात भिडू हुतूतूतला, एकमेकाला भिडतात म्हणून. अडतवाले शिवाप्पा म्हणतात कानडी हाय, आमचाच. बांगड्यावाले चाचा म्हणतात निजामाच्या पलटणीतनं आला. लई तावातावानं. मी घागर घेऊन चालले होते, थांबले. म्हणलं, "आवो, शब्द कुठनं का येईना. खैरून का येईना ते बघा की." हसले मेले.
माझ्यालेखी समोरचा हात म्हंजी भिडू. संपलं.

ता. ११, सोम.
तिच्या दारी गेले. "तुमी बसा, बाई. मी गिरणीत टाकते आता."
मला तुमी! कानाखाली मारली असती तर बरं.
म्हणलं, "गिरणीचं पीठ करपट लागतं, तूच म्हणतीस."
"व्हईल सवय."
चहा न्हाय, पान न्हाय. आले.

ता. १२
भावजींना म्हणलं, जाऊन बोलवा तिला. तर "वहिनी, मी शब्दाला बोललो, माणसाला न्हाय."
भाकरी थापत होते, तवा आपटला. "शब्द काय वाऱ्यानं आला का? तिच्याच तोंडातनं आला की!"
पोळलं. बोटाला फोड.

ता. १७, रवि.
उठले तर जात्यापाशी तिची टोपली. ज्वारी पाखडलेली, वर फडकं. शांता म्हणली, "मावशी ठेवून गेल्या. बोलल्या न्हाईत."
'दळून द्या' म्हणून ठेवली का 'ऊठ भिडू' म्हणून?
आमची रीत, आदी भिडूचं दळायचं, मग आपलं. मग माझं कसं घालू? न् तिचं एकटीनं तर दळायची न्हाय.
भावजी दोनदा डोकावले, भाकरी कधी म्हणून. म्हणलं पीठ न्हाय, शिळं खावा.
उन्हं अंगणात आली. बोळाकडं तोंड करून बसलेय. फडकं अजून काढलं न्हाय.