सरणाचा आंबा

क्लेमेंटी, सिंगापूर
३ जुलै २०१६

ती. रवींद्रदादास,
धाकट्या सुबोधचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणतोस आणि आपल्याच मनाचं करतोस, म्हणून पत्र. सोबत देवरुखच्या निसर्गसंस्थेबरोबर करायच्या वरच्या राईच्या कराराची प्रत आहे. जमीन आपल्याच नावावर राहील. फक्त पंचवीस वर्षं तिथलं उभं झाड तोडायचं नाही, प्लॉट पाडायचे नाहीत. जमीन पुढे कुणाकडेही गेली तरी अट जमिनीबरोबर जाईल. शेजारची टेकडी जेसीबीने सपाट केली आणि आपली विहीर चैत्रातच आटली, हे तूच लिहिलं होतंस.

गेल्या रविवारी गार्गीला घेऊन पुलाउ उबीन बेटावर गेलो होतो. तिथे धनेश पक्ष्यांनी घरटी करावीत म्हणून झाडांवर पेट्या बांधल्यात. ढोल्या असलेली म्हातारी झाडं पुरेशी उरली नाहीत. लेक टाळ्या वाजवत होती. मी आपल्या राईतल्या ढोल्या आठवत बसलो.

माझं मुखत्यारपत्र पाठवतो. तुझी सही तेवढी हवी. वहिनींना नमस्कार. चुकलंमाकलं पोटात घाल, माया असू दे.

सुबोध


२४ जुलै

चि. सुबोधास,
दादाचे अनेक आशीर्वाद.

करार दोनदा वाचला. सगळं पटलं. सही करणार नाही.

पंचवीस वर्षं झाड तोडायचं नाही, तर पंचवीस वर्षं मी मरायचंही नाही, असं कलम घालायला सांग. मी चौसष्ट वर्षांचा आहे. विहिरीवरचा रायवळ आंबा मी सरणासाठी राखलाय, हे गावाला ठाऊक आहे. आपले अण्णा गेले तेव्हा त्यांना त्यांच्या आंब्याचं लाकूड मिळालं. तू तेव्हा विमानात होतास. रागाने लिहीत नाही.

शैला म्हणते, गेल्यावर कुठलं लाकूड ते कळतं का. तिला म्हटलं, आत्ता कळतं ना.

ठेकेदार परवा येऊन गेला. त्याला चहा दिला, झाडं दिली नाहीत. पण माझ्यामागे तो चहाला थांबणार नाही, हेही समजतं मला.

जिवाला जप.

दादा


१४ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस देवापाशी ठेवलं. अण्णांच्या वेळी पोहोचलो तेव्हा राख निवली होती. ते मी कधी बोललो नाही, तूही विचारलं नाहीस.

संस्थेला तुझं म्हणणं कळवलं. तेवढा एक आंबा करारातून वगळायला ते तयार आहेत. वगळू. मोजमापाला त्यांचं माणूस येईल, त्याच्याशी भांडू नकोस. काका इतका हट्टी का, असं गार्गीने विचारलं आणि पुढे इथल्या बोलीतलं तिचं ठरलेलं ‘लाह’ लावलं. आपल्या घराण्यात असंच असतं, म्हणालो.

आशीर्वाद असावा.

सुबोध


११ सप्टेंबर

चि. सुबोधास,
अनेक आशीर्वाद.

मोजमापाला अनघा नावाची मुलगी आली. तिने टेप बाजूला ठेवली आणि मला आंब्याखाली वाकायला लावलं. तिथे पाच-सहा जातींची रोपं वर आलीत. त्यांतलं एकही आंब्याचं नाही. ती म्हणाली, उन्हाळ्यात वरच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती; हे तिच्या खाण्यातलं बी. मी चाळीस वर्षं हा आंबा माझा म्हणतोय आणि आत बिऱ्हाड भलत्याचंच!

मी विचारलं, आपोआप पडलेलं लाकूड उचलायला मनाई आहे का. नाही म्हणाली. मग आंबा वगळायचं कलम खोडायला लावलं आणि काल देवरुखला जाऊन सही केली.

आता राईत पडलेल्या फांद्या आणून गोठ्यामागे रचतोय. सरणाला दहा मण तरी लागतात. दोन झाले. ढीग पुरा होईस्तोवर कुठे जायचं नाही, असा शैलाचा हुकूम आहे.

देव तुम्हा सगळ्यांना सुखी ठेवो.

दादा


२ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग देवापुढे बराच वेळ बसलो. मेमध्ये येतोय. गार्गीला ढोली दाखव. काय सांगशील ते काम करीन, पण त्या ढिगासाठी फांद्या उचलायला मला बोलावू नकोस.

सकाळी एमआरटीची ट्रेन पकडण्याआधी हात जोडतो, तेव्हा आता एकच मागतो. आपल्या राईत वारा बेताने वाहू दे.

तुझाच,
सुबोध