शेवंतीची होडी

१० नोव्हेंबर, सोमवार
राजा आणि ड्रॅगनवाली कादंबरी संपली. निम्मं पुस्तक नुसती लढाई. मला आवडली, ह्येंना नाही. खाटेवरून म्हणाले, "ह्या पुस्तकातली माणसां जेवतत कधी?" खरंच की, कुणी जेवतच नाही. नावं मला उच्चारता येईनात म्हणून राजाला बाबल्या केला, प्रधानाला शेजारचा गणपत. नातीला, सायलीला, फोनवर सांगितलं तर हसून लोळली. जामसंड्याच्या शाळेत शिकवते ती. शनिवारी इथे तोंडवलीला आमच्याकडे येते ती पिशवीत नव्या कादंबऱ्या घेऊनच.
आधीची बुडालेल्या शहराची जास्त चांगली. पोरं बुडी मारून आजीच्या स्वयंपाकघरातली पातेली वर आणतात. कुणीही वाचावी, पण जेवण झाल्यावर.
चौथी शिकलेली मी, अजून बोट ठेवून वाचते. ह्येंनी अंथरूण धरल्यापासून मोठ्याने. सकाळी उठले की पहिलं पुस्तक आठवतं, मग गुडघे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सायलीने नवी आणली. एक मुलगी एकटीच आकाशातल्या होडीतून जाते, लांबच्या ताऱ्याकडे, पाणी शोधायला. तिकडे तिचे चार महिने, इकडे बापाची कितीतरी वर्षं. असं कसं, ते सायलीने दोनदा समजावलं. कळलं नाही, पण पटलं. मुलीचं नाव शेवंती ठेवलं मी.
ह्ये डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले, म्हणून थांबले. "वाच गो."

२१ नोव्हेंबर
मासे महाग. बांगडा नाहीच.
शेवंतीचा बाप म्हातारा झाला. रोज दारात बसतो. ह्येंनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. पुस्तक मिटू काय विचारलं, तर नको म्हणाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
संपली. म्हणजे पानं संपली. शेवंतीने होडी मागे फिरवली, आणि बस. शेवटच्या पानावर छापलंय, दुसरा भाग लवकरच. मी उलटसुलट करून बघितलं, पान चिकटलंय की काय.
ह्येंनी विचारलं, "इली घराक?"
"येवक नाय अजून."
रात्रीची पेज तशीच राहिली.

२९ नोव्हेंबर, शनिवार
दोन दिवस पोटात नीट काही नाही. दोन चमचे, की तोंड फिरवतात. डॉक्टर म्हणाले, आजार आहे तो आहे, पण खाल्लं नाही तर हातचे जातील.
आज चमचा पुढे केला तर हात धरला माझा. "एक होडी भायर आसा, मी जेवू कसो?"
तेव्हा लक्षात आलं माझ्या. चाळीस वर्षं तांडेल होते, होडीचे म्होरके, तेव्हा हेच केलं त्यांनी. गावातली एक जरी होडी यायची राहिली, तरी बाकीचे तांडेल घरी येऊन ताटावर बसत नसत. किनाऱ्यावर बत्ती लावून उभे. मी कालवण दोनदोनदा गरम करायची आणि मनात शिव्या द्यायची.
सायली म्हणाली, "आज्ये, तां खरां नाय. कादंबरी आसा ती."
मी म्हटलं, "तां तुझ्या आज्याक सांग."
गेली सांगायला. बाहेर आली ती डोळे पुसत.

४ डिसेंबर, गुरुवार
देवळात गेले. नारळ ठेवला, देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गाऱ्हाणं घालणारे गावकरी म्हणाले, "कोणासाठी? नाव काय, ऱ्हवता खंय?"
"शेवंती. लांब आसा. आमच्यातलीच."
"दुबय?"
"त्याच्या पलीकडे."
जास्त विचारलं नाही त्यांनी. घातलं. लांब गेलेल्या लेकराक सुखरूप घराक हाड म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मीही म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं. पुस्तकातल्या पोरीसाठी देवाला कामाला लावलं म्हणून आधी हसू आलं. मग नाही आलं.
घरी येऊन ह्येंना सांगितलं. प्रसादाचं खोबरं चोखलं, चार चमचे पेज गेली.

६ डिसेंबर, शनिवार
सायलीने चौकशी केली. दुसरा भाग अजून लिहून व्हायचाय. पुढच्या वर्षी, कदाचित.
पुढच्या वर्षी.
ती म्हणते, "आज्ये, इली म्हणान सांग आणि मोकळी हो." सोपं आहे. राजाला बाबल्या मीच केला, मग शेवंतीला घरी आणायला काय लागतं? दोन वाक्यं.
पण मी ह्येंना ओळखते. शेवटची होडी लागली की बत्ती विझवायचे, पोटभर जेवायचे आणि आडवे व्हायचे. मग हाक मारली तरी उठत नसत.
नाही आली तर जेवणार नाहीत. आली तर...

८ डिसेंबर, सोमवार
दिवेलागणीला पुस्तक घेऊन बसले. शेवटचं पान उघडलं आणि बोट कोऱ्या जागेवर ठेवलं. ह्येंना कुठे दिसतंय.
"इली?"
"नाय. पण काळोखातसून बारीकसो उजेड दिसलो म्हणता तिका."
"खंयचो?"
"आपलोच असतलो."
अर्धी वाटी पेज संपवली. वर मीठ कमी म्हणाले. किती दिवसांनी नावं ठेवली माझ्या हाताला. स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.
झोपताना म्हणाले, "भायरलो दिवो इझव नको हां."
ठेवलाय चालू. आता उद्या तिला किती जवळ आणायची, तेवढं ठरवायचंय. फार जवळ नको.