राणी भेकर आन् मामांचा वाढदिवसाचा घास

तीर्थरूप आनंदराव मामांस,

भाचा खंडू याचं पायावर डोकं. तुमची तब्येत ठणठणीत असणारच, वाढदिवसाचे हार गळ्यात मावत नव्हते. मामींचे गुडघे कसे हायत? आमच्याकडं सगळं बरं हाय, एक राणी सोडून.

राणी म्हंजी दौंडच्या आमच्या जखमी जनावरांच्या केंद्रातलं भेकर, शेळीएवढंच हरीण. कुत्र्यांच्या तोंडातून सुटून आलेली. मी तिथला रखवालदार, बाटलीनं दूध पाजून मीच वाढवली. वाढदिवसाला तुम्ही न्हावऱ्याहून कार्यकर्ते घेऊन आलात आन् मुक्या जनावराला घास म्हणून घमेलंभर मक्याचा भरडा आन् गूळ तिच्यापुढं ठेवलात. मी नको नको म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, मेंढरं राखणाऱ्यांची अवलाद आपली, जनावराचं पोट मला शिकवतोस व्हय? (वर मलाच फोटो काढायला लावलात. फोटो झकास आलाय, तुमचा.)

अहो मामा, रानातलं भेकर कोवळा पाला, गळालेली बोरं-उंबरं वेचून खातं. इथंबी आम्ही पालाच टांगतो. रवंथ करतं म्हणून त्याचं पोट म्हंजी गाईचा हौद न्हाई. एवढा भरडा पडला की आत आंबतो, पोट फुगतं, रवंथ बंद. ज्वारीच्या राशीवर सुटलेली मेंढरं अशीच फुगून मेली, हे तुमच्याच वडलांनी, गेणबा आजोबांनी सांगितलेलं. पण दारात जर्सी आल्यापासून तुम्हाला हरीणबी दुभतं दिसाय लागलंय!

आता ती मान टाकून बसलीय. डॉक्टरांनी सोडा पाजला. मी हात फिरवला की तेवढा कान हलवती. केंद्राचे साहेब म्हणतात, खुराक तुझ्याकडं, जबाबदार तूच. तुमचं नाव घेतलं की त्यांना ऐकूच येत न्हाई. लई राग आलाय मामा तुमचा. लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीत, म्हणून शिव्या लिहीत न्हाई.

तुमचा,
खंडू

ता.क. : राणी गेली. सोमवारी माझी चौकशी हाय. या आन् एवढंच सांगा की भरडा तुम्ही घातला. नोकरी वाचंल.

आणखी ता.क. : पत्र हातानंच द्यावं म्हणून एस्टीनं न्हावऱ्याला उतरलो. फाट्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय, 'राणीस भावपूर्ण श्रद्धांजली'. मधोमध तुम्ही हात जोडून, कोपऱ्यात हरीण, तेबी ठिपक्यांचं चितळ. खाली मोठ्या अक्षरांत : 'दोषी रखवालदारावर कारवाई झालीच पाहिजे.' सोमवारी येऊ नका, मामा.