देऱ्याच्या काठावरून जे दिसलं

दुबई,
२० जानेवारी १९६६

आदरणीय बदरुद्दीनमामूंना जहूरचा सलाम.

खाडीपलीकडच्या देऱ्याच्या काठाजवळ पाय जमिनीला टेकले, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तेच लिहायला बसलोय. पण आधी खुशाली. शौकतचा ताप उतरला. काल त्याने पेज मागितली, वर मीठ कमी म्हणून मलाच झापलं. मामीला सांगा, काळजी नको.

तुमचं पत्र मिळालं. कॉलेज अर्धवट टाकणाऱ्याला माझी लेक हाफिजा देणार नाही म्हणणारे तुम्ही, आता लिहिता, ज्याने माझा मुलगा पाण्यातून काढला त्यालाच देतो. मी ते सात वेळा वाचलं.

मामू, पोहण्याचं खूळ माझंच. नव्या वर्षाच्या दिवशी गोरे साहेब गार खाडी पोहून इस्पितळासाठी पैसे जमवतात. ऑफिसातला एक साहेब हसून म्हणाला, रोजेवाल्यांनी काठावर टॉवेल धरावेत. माझं डोकं फिरलं. शौकत नको म्हणत होता. मीच त्याला भित्रा म्हटलं. त्याचा रोजा होता. मी उजाडल्यावर गुपचूप चहा-पाव खाल्ला होता.

आणि अर्ध्या खाडीत पोटरीत गोळा आला तो मला. शौकत पुढे गेला होता, हाक ऐकून मागे फिरला. घाबरून मी त्याच्या खांद्यावर चढलो, त्यालाच पाण्याखाली दाबलं. तरी त्याने मला ओढत आणलं. पाय टेकले तेव्हा मी उभा राहिलो, तो कोसळला. मी त्याला उचलून बाहेर काढलं. लोकांनी एवढंच पाहिलं, काठावर उभ्या असलेल्या खैरुद्दीनभाईंनी तुम्हाला तेच कळवलं. मी गप्प बसलो.

काल शौकतला म्हणालो, मामूंना खरं लिहितो. तो म्हणाला, "खलास झालं ते. हाफिजा दोन वर्षं तुझ्यासाठी थांबलीय. तोंड बंद ठेव, गाढवा."

पण ती रोज मी न केलेल्या उपकारापोटी माझं ताट वाढेल. मला घास उतरणार नाही, मामू.

हे तिलाही वाचून दाखवा. पत्र ईदनंतर पोचेल, निदान तुमची ईद बिघडणार नाही. तुम्ही मला जावई लिहिलंत. मी खाली भाचाच लिहितो.

शौकतचा डोळा लागलाय. उठला तर पाकीट फाडेल. म्हणून चपला हातात घेऊन पोस्टाकडे निघतो, दार हळूच ओढून घेतो.

तुमचा भाचा,
जहूर