सात पेनवाले सोयरे

॥ श्री ॥

सिंदी मेघे,
६ जानेवारी २०२५

चि. शालूस,
दादाचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

घरात तीन मोबाईल असताना दादा कागद काळे करून राहिला म्हणून हसशील. पण बाई, फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. मी मेथी म्हणतो, तू माती ऐकतेस. शिवाय हे प्रकरण मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. बंडूजीचा टेम्पो तुमच्या कारंज्याला संत्री भरायला जातो, त्याच्याजवळ पत्र देतो. उत्तरही त्याच्याच हाती दे.

आपल्या ज्ञानेश्वरची आचल सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे. तिनं तिथलाच एक मुलगा पसंत केला. नागेश नाव, वॉर्डात ब्रदर आहे. मी आधी दचकलोच, ब्रदर म्हणजे तर भाऊ! मग कळलं की पुरुष नर्सला तिथं ब्रदर म्हणतात. मुलगा गोंड समाजाचा, तुमच्या कारंज्यापासून जंगलाकडे जाताना लागणाऱ्या गावचा. समाजाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मुलगा नम्र, कामाचा, आचलकडे पाहताना डोळ्यांत माया. ज्ञानेश्वर म्हणाला, बाबा, तुम्ही हो म्हणाल तर हो.

म्हणून रविवारी घर पाहायला गेलो. नागेशचे आजोबा पुनाजी, पिवळा दुपट्टा, काटक म्हातारा. चहा झाला, पीकपाणी झालं, आणि एकाएकी त्यांनी मला विचारलं की तुमच्यात पेन किती.

आता तू जाणतेस, मी शाळेत चौथीच्या पुढं गेलो नाही, जे शिकलो ते आपलं आपण. खिशातले दोन पेन हीच माझी कमाई. मी खिशाकडे बोट नेऊन अभिमानानं सांगितलं, दोन. एक निळा, तो लिहितो. एक लाल, तो चुका काढतो. म्हातारा गंभीर झाला, मान हलवली आणि म्हणाला, आमी सात पेनवाले. शालू, ज्या घरात लिहायचं टेबलही दिसलं नाही तिथं सात पेन! मग सुनेशी त्यांच्या भाषेत बोलले. मला काही समजलं नाही, पण पेन, पेन, पेन एवढं कानावर आलं. मी तारखेचं काढलं, तर नजर खाली घालून म्हणतात, पेन अजून मोठ्या घरून आला नाई, तो आल्याशिवाय तारीख काढता येत नाई.

हा कसला पेन? आजकाल हुंडा तोंडानं कोणी मागत नाही, कायदा आहे. आज पेन म्हणतील, उद्या पेनाला शोभेल असा कोट, परवा कोट घालून बसायला गाडी. तू जवळ आहेस, गुपचूप चौकशी कर. आचलला कळू देऊ नको.

तिळगुळाआधी उत्तर धाड. दादावर आहे ती माया अशीच राहू दे.

तुझा,
दौलतदादा


कारंजा (घाडगे),
११ जानेवारी

ती. दादाले,
शालूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून माझी झोप उडाली. माती-मेथीचं मात्र उगाच लिहिलं, तेवढं काही माझं बिघडलं नाई.

बाजाराच्या दिवशी मी सुंदराबाईले गाठलं. ते नागेशच्याच गावची, वांगे अन् सांभाराच्या जुड्या विकाले बसते. मी आडूनच इचारलं, तुमच्यात पेनाचं काय असते बाई? तिनं चांगलं समजावून सांगतलं, पण हायवेवर ट्रकचे भोंगे अन् माझे हे कान. जेवढं पदरात पडलं तेवढं लिहितो.

पेन मोठ्या घरी राह्यते, डोमाजीकडं. डोमाजी म्हणजे पुनाजीचा मोठा भाऊ. पेन एरवी बाहेर येत नाई. लग्न असलं की त्याले वाजतगाजत आणावं लागते. त्याले कोंबडं लागते. तो रागावला तर घरात आजारपण येते. अन् डोमाजी या लग्नाले त्याले पाठवून नाई राह्यला.

आता मले सांग दादा, लिहाचा पेन कोंबडं खाते का? मले तं पक्कं वाटते, पेन हे माणसाचं नाव आहे. कोणी गुंड असंल, नाईतर पुढारी. सारे त्याले भिऊन आहेत. असा माणूस आपल्या आचलच्या लग्नात मांडवात बसणार काय? मी सुंदराबाईले इचारलं की पेनाचं वय काय, तं ते तोंडाले पदर लावून हसत सुटली. हसणं मले बरं नाई वाटलं. काऊन हसली असंल?

पण घाईनं काही करजो नको. आधी पोरीले इचार. संत्री पाठवली, आंबट आहेत, साखर लावून खाजो. लहान बहिणीले मनातून काढजो नको.

तुझी,
शालू


सिंदी मेघे,
१५ जानेवारी

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद. तिळगूळ सोबत आहे, पण तो गोड लागेल असं काही या पत्रात नाही.

तुझं ऐकून आचलला विचारलं. ड्यूटीवरून आली होती, पाय पाण्यात सोडून बसली होती. मी सरळ म्हटलं, नागेशच्या पेनाचं मला सगळं कळलं आहे, खरं ते सांग. पोरीचा चेहरा उतरला. म्हणाली, आबाजी, तुम्हाले कोणी सांगितलं? मी म्हटलं, ते सोड. तेव्हा हळूच म्हणते, पहिल्यापासूनच आहे, पण थंडीत वाढलं. घरी सांगू नको असं नागेशनंच बजावलं होतं, लग्न मोडेल म्हणून. लग्नानंतर आम्ही दोघं मिळून काहीतरी करू.

म्हणजे बघ. मागणी पहिल्यापासूनच आहे, ती वाढली आहे, आणि आपलीच लेक ती लपवून ठेवते. लग्नानंतर दोघं मिळून करू म्हणजे स्वतःच्या पगारातून भरणार! ज्या नातीला मी पाटीवर अ गिरवायला शिकवलं, ती माझ्याशी लपवाछपवी करते.

पेन माणूस आहे की वस्तू हे देवच जाणे. पण मागितलं आहे ना, तर घ्या. बाजारातून एक नवा पेन आणला, डबीत घातला आणि चिठ्ठी लिहिली: हा घ्या तुमचा पेन. आमच्याकडं मुलगी देतात, मुलीसोबत दुकान देत नाहीत. आमच्या पोरीचा नाद सोडा. काल बंडूजी ती डबी पुनाजींच्या हाती देऊन आला. म्हाताऱ्यानं डबी दोनदा उलटसुलट करून पाहिली म्हणे.

आचलला अजून ठाऊक नाही. तू रागावू नको, आपलं प्रेम या कटकटीच्या बाहेर ठेव.

तुझा,
दौलतदादा


२० जानेवारी

दौलतराव यांस,
पुनाजीचा जय सेवा. मी सांगतो आहे आणि माझी नात स्वीटी लिहिते आहे. चुकलं तर तिचं, कडू लागलं तर माझं.

तुमची डबी मिळाली. चिठ्ठी मी स्वीटीकडून दोनदा वाचून घेतली. मग डबीतली वस्तू हातात धरून विचारलं, याले तुमच्या शाळेत काय म्हणतात? ते म्हणाली, आजा, याले पेनच म्हणतात. तवा मी खूप हसलो. मग हसू थांबलं.

दौलतराव, आमच्या भाषेत पेन म्हणजे देव.

आमच्यात सोयरीक जुळवताना पहिले हेच विचारतात की तुमी किती पेनवाले. ज्यांचे देव आकड्यानं सारखे, ते भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाई. तुमी दोन सांगितले. एक निळा, तो लिहितो. एक लाल, तो चुका काढतो. मी मनात म्हटलं, निळा किसन असंल, माणसाचं नशीब लिहिणारा, अन् लाल मारुती, चुकला त्याले धरणारा. सुनेले तेच सांगत होतो, की या लोकायचे देवबी शिकलेले आहेत.

आमचा पेन मोठ्या भावाच्या घरी असते. लग्नाले त्याले आणावंच लागते. डोमाजी म्हणतो, दुसऱ्या समाजाची पोर पेनापुढं उभी करणार नाई. मी रोज त्याच्या दारात जाऊन बसतो, तुमच्या पोरीसाठी. ते तुम्हाले कसं सांगणार, म्हणून मान खाली घातली.

हुंड्याचं लिहिलं तं ऐका. आमच्या जुन्या रीतीत पोरीकडून घेत नाई, पोराकडून पोरीकडं देतात. तुमी उलटंच धरलं.

एक गोष्ट मात्र लागली. बाहेरच्या माणसाशी बोलताना मी देवच म्हणतो. पटवारी असो, मास्तर असो, डॉक्टर असो, त्यायच्यापुढं पेन शब्द काढत नाई. तुमच्यापुढं काढला, कारण मले वाटलं तुमी घरचे झाले. आता तुमीच सांगा, यापुढं तुमच्याशी बोलताना मी पेन म्हणू का देव म्हणू?

तुमच्या डबीतला पेन चांगला चालते. हे पत्र त्यानंच लिहिलं. राग ठेवायचा का नाई, हे तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन.

पुनाजी
(लिहिणार स्वीटी. मी एकही चूक केली नाही.)


सिंदी मेघे,
३० जानेवारी

चि. शालूस,
अनेक आशीर्वाद. तुझा गुंडही गेला आणि माझा हुंडाही. पुनाजींच्या पत्राची नक्कल मागच्या खेपेला धाडली होती, त्यामुळे पेनाचं वय विचारल्यावर सुंदराबाई का हसली ते तुला कळलं असेलच.

ते पत्र मी आचलच्या हातात दिलं, डबीचंही सांगितलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि एवढंच म्हणाली की दवाखान्यात दुखण्याला पेन म्हणतात, नागेशची कंबर दुखते, रोगी उचलून उचलून. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि निघून जायची. शालू, ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुनाजींना मी उलट टपाली लिहिलं की व्याहीबुवा, पेनच म्हणा, आणि मला डोमाजींच्या घरी न्या. काल आम्ही गेलो, आचल आणि नागेशही होते. डोमाजींनी मला असं तपासलं की काय सांगू. तुमच्यासारखे लोक आमच्यात पोर काऊन देतात? पोरीत काही खोट आहे का? उद्या आमच्या पेनाले हसणार नाई कशावरून? एकेक शंका मला ओळखीची वाटली. तशाच मी पुनाजींवर घेतल्या होत्या. मी डबीची गोष्ट स्वतःच सांगून टाकली. पुनाजी जमिनीकडे पाहत होते. डोमाजी हसले नाहीत. म्हणाले, पोर चांगली असंल, पण आमच्यात तिले पेनाचं घर नाई. ज्या पोरीले घर नाई, तिले पेनापुढं कोणत्या घरची म्हणून उभी करू?

आमचं घर असूनही तिथं ते मोजलं जात नव्हतं. आचलचे डोळे भरले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात गावच्या बायांत कोपऱ्यात बसलेली तुझी बाजारातली सुंदराबाई उठली. त्यांच्या भाषेत डोमाजींना खूप काही सुनावलं, मग आत तोंड करून डोमाजींच्या सुनेला ओरडली. मला त्यातला एकच शब्द स्पष्ट ऐकू आला, पाल. मी चटकन वर पाहिलं, आढ्याला, कौलांत, भिंतीवर. पाय आखडून घेतले. पण या खेपेला मनात काही धरून बसलो नाही, सगळ्यांच्या देखत विचारलं की कुठं आहे पाल. पण सगळे आचलकडे पाहत होते.

सुनेनं पितळी पेला आणला. सुंदराबाईनं तो स्वतःच्या हातानं आचलच्या ओठांना लावला आणि मला समजावं म्हणून मराठीत म्हणाली, माझं घर सहा पेनवालं. आता हे माझी लेक. सहा पेनवाल्याची पोर सात पेनवाल्याच्या घरी जाते, आता डोमाजीनं मले नाई म्हणून दाखवावं. डोमाजींनी दुपट्टा झटकून खांद्यावर घेतला. मग पुनाजींना त्यांनी विचारलं की फागुनातला कोणता दिवस धरला आहे.

पुनाजी रडत होते, नागेश कंबर धरून उभा होता, आणि मी शहाणा अजून कौलं न्याहाळत होतो. तेव्हा आचल माझ्याजवळ आली. वरच्या ओठावर पांढरी मिशी होती. इतक्या दिवसांनी माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, आबाजी, पाल म्हणजे दूध.

लग्नाला आधीच ये, मुक्कामानं ये. पोरीला आता दोन माहेरं आहेत, तिच्यावरच्या तुझ्या मायेत दोघांनाही वाटा दे.

तुझा,
दौलतदादा