वीस बाय तीसचं ग्रीनहाऊस

४ एप्रिल. मुठा, सकाळी ७
निर्णय झाला. ग्रीनहाऊस वीस बाय तीस फूट. त्याहून लहान म्हणजे पोरखेळ.
जागा: प्लॉटचा खालचा कोपरा, ओढ्याकडचा. फोनमधलं उन्हाचं ॲप सांगतं, तिथे दिवसभर ऊन. शिवाय मातीचा कमरेएवढा छान उंचवटा आहे. माती बारीक, निचरा उत्तम. तो सपाट केला की पाया तयार.
सुलक्षणाने राजीनामा दिलाय. तीस मेला हिंजवडीचा फ्लॅट सोडून आम्ही दोघं इथे कायमचे. तिला ऑर्किड लावायची आहेत. ग्रीनहाऊस मी उभं करून देणार, असा शब्द दिलाय. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आधीची असेल तर लक्षात नाही.

५ एप्रिल
शेजारच्या शेतातल्या कुशाबाला फावडं घेऊन बोलावलं. उंचवटा बघून त्याने फावडं खांद्यावरून उतरवलंच नाही. म्हणाला, सायेब, ह्ये वारूळ हाय. पंचमीला आख्ख्या आळीच्या बाया हितं पुजायला येत्यात. तुमी जागा घ्यायच्या आदीपास्नं.
विचारलं, आत कोणी आहे का. म्हणाला, आसंल की. त्याचंच घर हाय त्ये.
मी शांत होतो. घरापर्यंत पळालो नाही. ऊन लागत होतं म्हणून भरभर चाललो.

१२ एप्रिल
नवी माहिती: ओढ्याकडे दमटपणा जास्त, बुरशी येते. जागा बदलली. आंब्याजवळ, दहा बाय बारा. लहान ग्रीनहाऊसचं तापमान सांभाळायला सोपं.
वारुळापासून अंतर टेपने मोजलं. एकशे दहा फूट. टेपचं एक टोक मी धरलं, एक सुलक्षणाने. वारुळाकडचं तिने.

१९ एप्रिल
गमबूट आणले. कुशाबाची बायको रत्नाबाई कुंपणापलीकडून बघत होती. म्हणाली, भाऊ, ह्या उन्हाचं हे कसलं बूट? पाय आपटत चाला, त्यो आपला बाजूला व्हतोय. बिचारा निस्ती उंदरं खातोय.
मग सुलक्षणाला म्हणाली, वैनी, सायबांस्नी कुणी घाबरवलंय का? सुलक्षणा म्हणाली, छे, ते सर्व्हे करतायत. तिचं हे मला आवडतं.
पाय आपटत चाललो. गुडघा दुखतोय.

३ मे
आंब्याखाली कात पडली होती. लांबी मोजली नाही.
तसंही आंब्याची सावली फार, हे आधीच लक्षात यायला हवं होतं. अंतिम जागा: स्वयंपाकघराच्या दाराला लागून. चार बाय सहा. बाहेर पडावंच लागणार नाही. सुलक्षणा म्हणाली, अहो, ही उत्तर बाजू, इथे ऊन कुठून येणार? म्हटलं, ऑर्किडना कमीच लागतं. ती बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

४ मे
बाथरूमच्या खिडकीत दोरी लोंबत होती. दोरीच होती. तरी तासभर पलंगावर पाय वर घेऊन बसलो. 
हे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मी भितो. ग्रीनहाऊसच्या जागेशी याचा संबंध नाही.

२३ मे
फॅब्रिकेटर किशोरचा फोन. पाऊस तोंडावर आलाय, पाईप कुठे उतरवू? सांगितलं, ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, जूनमध्ये बघू. रिलीज नव्हतं.
सुलक्षणाने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, दादा, उद्या या. दहा बाय पंधरा पुरे. खालच्याच कोपऱ्यात, पण वारुळापासून वीस पावलं सोडून. बायकांना पूजेला वाट राहिली पाहिजे.
इतका सोपा हिशेब ॲपला सुचला नाही.

३१ मे. हिंजवडी
सुलक्षणा काल सामान घेऊन मुठ्याला गेली. मी तात्पुरता इथे थांबलोय. भाडेकरू मिळेपर्यंत फ्लॅट रिकामा ठेवणं बरं नाही. जाहिरात द्यायची आहे. उद्या देईन.

१४ जून. हिंजवडी
तिचा फोन. ऑर्किड लागली. म्हणाली, गेटपर्यंत या, तिथून मी हात धरून नेते. म्हटलं, पाऊस संपला की येतो, सध्या रस्ते खराब आहेत. ती बरं म्हणाली.
विचारलं, एकटी जातेस तिकडे, भीती नाही वाटत? म्हणाली, वाटते की, रोज वाटते. रत्नाबाईंना हाक मारते आणि जाते.

बाल्कनीत छोटं ग्रीनहाऊस करायचं ठरवलंय. एक बाय दीड फूट. जागा: सातवा मजला, पूर्व. आत काय लावायचं ते तिला विचारणार होतो, पण फोन मीच आधी ठेवला.