वर्गमुळाचा भोपळा

गडमुडशिंगी,
ता. ३ मार्च १९९९

चि. दानेश्वरीस दोड्डाप्पांचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तू पाठवलेला संगणकाचा कागद मिळाला. बघून हसावं का रडावं कळंना. त्या गणिताच्या भाषेत म्हणं शेकडो फंक्शनं आयती असत्यात: ‘सॉल्व्ह’ लिहिलं की समीकरण सुटतंय, ‘फॅक्टर’ लिहिलं की अवयव पडत्यात. मग पोरी, पुण्यात एम.एस्सी. कशाला करतीस? कळा दाबायला? आणि ‘सिम्प्लिफाय’ला तू क्षच्या वर्गाचं वर्गमूळ दिलंस, तर त्या येड्यानं ते जसंच्या तसं परत केलं! माझी नववीची पोरंबी ‘क्ष’ म्हणून मोकळी होत्यात. छत्तीस वर्षं मी हेच शिकवलं.

तुझ्या बापाला, सोमशेखरला सांग, माझ्या निरोप समारंभाला तरी ये म्हणावं. इचलकरंजीत माग चालवतोय, पण एका भोपळ्यापायी सत्तावीस वर्षं सख्ख्या थोरल्या भावाच्या घरात पाय टाकला न्हाय. एवढी कसली मिजास?

मेसचं पाणचट खाऊन वाळू नको.

तुझा,
रामलिंगदोड्डाप्पा


पुणे,
ता. ११ मार्च

ती. दोड्डाप्पांस दानेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

मेसची आमटी पाणचट आहे, ते खरं. बाकी तुम्ही फार घाई केलीत. सिम्प्लिफाय वेडं नाही. क्ष धन की ऋण हे मी सांगितलंच नव्हतं, म्हणून ते गप्प बसलं. ‘क्ष शून्याहून मोठा’ असं जोडून दिलं की ‘क्ष’ येतं. ‘लहान’ म्हटलं की ‘उणे क्ष’. उणे तीनचा वर्ग नऊ, आणि नवाचं वर्गमूळ तीन. करून बघा की कागदावर!

तुमच्या भावाच्या, आमच्या आप्पांच्या ट्रंकेत नववीचा एक पेपर आहे. त्यात याच वर्गमुळाला त्यांनी लिहिलंय: ‘क्ष ऋण असेल तर उणे क्ष.’ त्यावर तुमच्या लाल शाईचा भोपळा. सगळ्या वर्गासमोर तुम्ही त्यांना तासभर बाकावर उभं केलंत, वर हसलात. दुसऱ्या दिवसापासून ते शाळेत गेले नाहीत, मागावर गेले. मला राग आलाय, दोड्डाप्पा, म्हणून लिहिलं.

मोठ्यांपुढे बोलले. रागवायचं तर रागवा, पण उत्तर लिहा.

दानेश्वरी


गडमुडशिंगी,
ता. १८ मार्च

चि. सोमशेखरास रामलिंगचा आशीर्वाद, चालत असला तर.

दानेश्वरीचं पत्र आलं. तीनदा करून बघितलं. तुझं उत्तर बरोबर हाय. येडं ते मशीन न्हवं, मी. छत्तीस वर्षं फळ्यापुढं शहाणपणा मिरवला, आन् क्ष ऋण असंल असं एकदाबी मनात आलं न्हाय. थू तसल्या मास्तरकीवर! समारंभाला नको येऊस. तिथं माझी नुसती खोटी तारीफ व्हणार.

पुढच्या रविवारी सकाळच्या एस्टीनं मीच इचलकरंजीला येतोय. तो पेपर काढून ठेव, लाल पेन आणतो. दार उघडलंस तर आत येईन. न्हाय तर दारातच उभा राहीन. तू तासभर उभा होतास, मलाबी जमंल.

लोभ मागायला तोंड उरलं न्हाय. जमलं तर ठेव.

रामलिंग